कडू मुळांचे रहिवासी

खड्ड्यांतली माती अजून ओली होती. ज्याच्या मुळांचं मानाचं पेय करतात त्या यांगोनाची पाच वर्षं जोपासलेली झाडं कुणीतरी मुळासकट उपटून नेली होती. जाताना मात्र त्यांच्या खोडांचे पेरापेरावर तुकडे छाटून ते ओल्या पाल्याखाली, सावलीत झाकून ठेवले होते. पुन्हा लावता यावेत म्हणून.

"चोर शेतकरी दिसतोय," सार्जंट राईजेली म्हणाली आणि गुडघा धरून खाली बसली. चढ तिला सोसत नसे. त्यात ठाण्याची जीप बंद. सुटा भाग सावूसावूहून बोटीनं यायचा होता, आणि समुद्र खवळल्यामुळे गेला आठवडाभर बोटच आली नव्हती. नारळ वाहणाऱ्या ट्रकच्या मागे बसून ती वाइदामू गावात पोचली होती.

खड्ड्याच्या कडेला नेई तितिलिया उकिडवी बसली होती. नेई म्हणजे आत्या. सगळं गाव तिला तेच म्हणे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ही बाग तेवढी होती.

"झाडं शेवटची कधी पाहिलीस?"

"शनिवारी दुपारी. रविवारी बागेत कोण येतं? प्रार्थनेला होते."

"आणि आज सकाळी?"

"आले तर हे."

"कुणावर संशय?"

तितिलियानं छाटलेला एक तुकडा उचलला, बोटांत फिरवला, पुन्हा पाल्याखाली ठेवला.

"मला नको विचारूस. मी नाव घेतलं तर ते खरं होईल."

नाव गावानं आधीच घेतलं होतं. नेतानी, तितिलियाच्या भावाचा मुलगा. राजधानी सूव्याच्या बंदरावरचं काम सुटलं तसा आत्याकडे येऊन तिच्या आवारातल्या वेगळ्या खोपट्यात राहिला होता. मानेवर गोंदण, जिभेवर उलट उत्तर. गावाला तो पहिल्या दिवसापासून खुपत होता. आणि आज सकाळी त्याच्याच पडवीत यांगोनाची ताजी मुळं पसरलेली सापडली होती.

ती प्रथम पाहिली गावप्रमुख आपेनिसानं. तितिलियाचा हा थोरला दीर. केस पिकलेले, पाठ ताठ, आवाज कधी चढत नसे.

"मुळं मी सभाघरात हलवली," तो म्हणाला. "पडवीत राहिली असती तर गावच्या पोरांनी पेटवली असती. त्यालाही बडवला असता."

"पुरावा जागचा हलवायचा नसतो, मोमो," राईजेली म्हणाली. मोमो म्हणजे मामा; वडीलधाऱ्या पुरुषाला सगळे तेच म्हणत.

"चुकलं खरं. गाव शांत ठेवायचं, एवढंच तेव्हा सुचलं."

सभाघराला भिंती चटयांच्या आणि दार नाहीच. कुणीही यावं, कुणीही जावं. मधोमध मुळं रचलेली होती आणि त्यांच्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. राईजेलीनं एक मूळ उचलून झटकलं. दोन मुंग्या मनगटावर चढल्या, त्याही झटकल्या. समोर नेतानी हाताची घडी घालून बसला होता.

"ही मुळं कुठली?"

"रानातली. धबधब्याच्या पलीकडची. माझ्या मोमोनं लावलेली, नेईच्या नवऱ्यानं."

"आत्याला ठाऊक आहे?"

"नाही. गावात चोऱ्या होतात म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी लहानपणी सुट्टीत यायचो, तेव्हा एकदा नेऊन दाखवली होती."

"म्हणजे साक्षीदार एकच, आणि तो मेलेला."

"मेलेला माणूस खोटं तरी बोलत नाही."

"बोलतच नाही, तीच तर अडचण आहे. मग खणलीस ती आत्याला न सांगता?"

नेतानीनं हाताची घडी सोडली. "वाळवून, कुटून एकदम देणार होतो तिला. इथे मी फुकटचा खातो असं सगळे म्हणतात. तिच्या कानावर जातंच ना ते."

राईजेली लंगडत लंगडत रानात जाऊन आली. धबधब्यापलीकडे खरंच खड्डे होते, ताजे. पण आपेनिसानं शांतपणे मान हलवली.

"खड्ड्याला काय, कुदळ लागते. चोरी पचवायची तर माणूस चार खड्डे जास्तीचे खणेल." मग म्हणाला, "तरी पोरावर अन्याय नको. सूव्याच्या शेती प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीण वासितीला बोलवा. मुळं कुजू नयेत म्हणून तितिलियाच्या झाडांना तिनं आपले ते जंतू घातलेत. या अख्ख्या बेटावर फक्त तितिलियाच्याच झाडांना. सगळ्यांसमोर म्हणाली होती ना डॉक्टरीण, की माझे जंतू मी कुठेही ओळखीन? या मुळांवर ते निघाले तर मुळं तितिलियाची. नाही निघाले तर पोरगा मोकळा."

लोक माना डोलावू लागले. राईजेलीलाही ते पटलं. इतक्या चटकन एखादी गोष्ट पटली की तिला एरवी जरा धाकधूक वाटे, पण गुडघा ठणकत होता.

पाहुणी आली म्हणजे यांगोना आलीच. आपेनिसाच्या घरी काठवटीत मुळांचा लगदा कोळला गेला, करवंटी भरून तिच्यापुढे आली. राईजेलीनं रीतीप्रमाणे एक टाळी दिली, एका दमात प्याली आणि पुन्हा तीन टाळ्या दिल्या. जीभ मुळापर्यंत बधिर झाली.

"हिरवी आहे," ती म्हणाली. "ताज्या मुळांची."

"सासुरवाडीची कृपा," आपेनिसा म्हणाला. "पुढच्या पंधरवड्यात मोठ्या सरदाराचा गादीवर बसण्याचा सोहळा आहे. वाइदामूची मुळं त्याच्यापुढे ठेवायची ती माझ्या हातानं. आणि माझ्या बागेत काय? दोन हंगाम सगळं कुजलं. बायकोच्या भावांनी गेल्या आठवड्यात सावूसावूहून मुळं पाठवली म्हणून लाज राहिली."

"तुम्ही वासितीचे जंतू नाही घातलेत?"

"जंतू आपण हातावरून धुऊन काढतो, सार्जंट. ते मुद्दाम मुळाला चारायचे? सभेत मी हसलो होतो तिला. आता लोक मला हसतात. तोंडावर नाही, एवढंच."

त्याची बायको वीका हिनं फ्रिज उघडून पाणी दिलं. छपरावरच्या सोलरवर चालणारा गावातला तो एकुलता एक फ्रिज. वीकाच्या इन्सुलिनसाठी घेतलेला. दाराच्या कप्प्यात इन्सुलिनशेजारी एक मोठी बाटली होती, वर चिठ्ठी चिकटवलेली: पिऊ नये. आतलं पाणी फिकट, दूध घातलेल्या चहासारखं.

"वासितीच्या जंतूंचं पाणी आहे ते," वीका म्हणाली. "राखीव. एकाच दिवशी भरलेल्या दोन बाटल्या, एक आमच्याकडे, एक मोसेच्या दुकानात."

मोसेचं दुकान रस्त्याला लागून होतं. परिसरातली निम्मी यांगोना त्याच्या तराजूवरून जाई.

"चोरीचा माल तू घेतोस असं म्हणतात," राईजेली म्हणाली.

"म्हणतात ना. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत."

"तितिलियाची मुळं आली का तुझ्याकडे?"

"नाही. आली असती तर ओळखली असती. तसली जाडजूड मुळं या वर्षी दुसऱ्या कुणाकडेच नाहीत. आणि खरं सांगू? ओळखूनही घेतली असती. पण आली नाहीत."

"दुसरीकडे कुठे गेली असतील?"

"समुद्र असा. बेटाबाहेर मासासुद्धा जात नाहीये."

त्याच्या बर्फाच्या पेटीतही चिठ्ठीची बाटली होती. झाकणाची पट्टी शाबूत, आतलं पाणी काळंभोर, कोऱ्या कॉफीसारखं. राईजेलीनं ती उचलून पाहिली, परत ठेवली आणि मोसेवरचा संशय मनात तसाच राहू दिला.

डॉक्टर वासिती दुसऱ्या दिवशी लहान विमानानं आली. ठेंगणी, बडबडी, कांदावू बेटावर शाळेत राईजेलीच्या बाकावर बसणारी. तितिलियाच्या खड्ड्यांत मुळांची तुटकी टोकं राहिली होती, ती तिनं घेतली. नेतानीच्या मुळांवरूनही खरवडून घेतलं.

"तुझा हा जंतू करतो काय नेमकं?" राईजेलीनं विचारलं.

"यांगोना पिऊन जीभ बधिर होते ना? ते मुळाचं विष. मातीतल्या जंतूंसाठी जहाल. मुळाशी गोड रस पाझरतो, म्हणून सगळे तिकडे धावतात आणि बहुतेक दारातच मरतात. पण एका जुन्या बागेत मला हा सापडला. हा आत जाऊन राहतो."

"मरत कसा नाही?"

"होडीत पाणी शिरलं तर तू काय करतेस?"

"उपसते."

"हाही तेच करतो. अंगात शिरलेलं विष उपसून बाहेर टाकतो. त्याच्यापाशी तेवढ्यासाठीच एक उपसणी असते म्हण ना. मग सालीखाली घर करतो आणि भाडं म्हणून कुजवणाऱ्या बुरशीला हाकलून लावतो."

"बरा भाडेकरू आहे. माझा तर पंखासुद्धा दुरुस्त करत नाही."

चार दिवसांनी सूव्याहून फोन आला. वासितीचा आवाज खाली गेला होता. "आहे गं. नेतानीच्या मुळांवर माझाच जंतू. खूण जुळली."

नेतानीला न्यायला राईजेली गेली तेव्हा अख्खं गाव रस्त्यात उभं होतं. कुणी शिवी दिली नाही. ते जास्त वाईट होतं. तितिलिया दारात होती.

"नेई," तो म्हणाला, "तू तरी."

तितिलिया आत गेली. दार लागलं.

त्या संध्याकाळी ठाण्यात राईजेली चहा करत होती. साखरेची बरणी घेतली तर कडेनं मुंग्या. ती पुटपुटली, बरणी आपटली, आणि हात तसाच राहिला.

बरणीला लागूनच शिपायांची यांगोनाची जुडी होती. ती जुडी कायम तिथेच असायची. बरणीला रोज मुंग्या लागत, बरणीवरून त्या खिडकीकडे जात, वाटेत जुडी येई आणि तिला वळसा घालून त्या पुढे जात.

तिनं चहा तसाच ठेवून फोन उचलला.

"वासिती, बाटलीतले तुझे जंतू काय खाऊन वाढतात?"

"मळी. उसाची मळी आणि पाणी. का?"

"आणि मुळात राहणाऱ्यांना मळी कोण देतं?"

"कुणी नाही. का विचारतेस?"

"त्या मुळांवर मुंग्या होत्या. सभाघरात, मी हातानं झटकल्या. मला सांग, कडू मुळाला मुंग्या का लागाव्यात?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"बाटलीतला जंतू आणि मुळात राहिलेला जंतू वेगळा ओळखता येतो का?" राईजेलीनं विचारलं.

"येतो," वासिती हळू आवाजात म्हणाली. "मी नुसती खूण पाहिली. आणखी एक गोष्ट पाहायला हवी होती. मी बावळट आहे."

"पुन्हा तपास. आणि उद्या विमानानं एक बरणी पाठवते, तीही तपास. कुठली ते विचारू नकोस. तुला ठाऊक नसलेलं बरं."

सकाळी राईजेली पुन्हा वाइदामूला गेली, या वेळी वीकाची तब्येत विचारायला. आपेनिसा सोहळ्याच्या तयारीत गुंतला होता. स्वयंपाकघरामागे लिंबाच्या झाडाखाली यांगोनाचा पिळून टाकलेला चोथा पडत असे; आळ्यात त्याचा ढीग होता. राईजेलीनं वीकाशी गप्पा मारता मारता जॅमच्या रिकाम्या बरणीत थोडा चोथा भरला.

"हे कशाला?" वीकानं विचारलं.

"माझंही लिंबू फळत नाहीये," राईजेली म्हणाली. बाईशी खोटं बोलल्याचं तिला दिवसभर टोचत राहिलं.

समुद्र निवळला. बोट आली. राईजेली स्वतः धक्क्यावर गेली, तांडेलाशी दोन शब्द बोलली, जीपचा भाग घेऊन परतली.

सोहळ्याच्या सकाळी वाइदामूचे लोक सभाघरात जमले. पानाफुलांनी सजवलेल्या यांगोनाच्या मोळ्या मधोमध उभ्या होत्या. मोठमोठी मुळं, पाहत राहावीत अशी. आपेनिसा नवी चटई गुंडाळून कमरेला बांधत होता. तेवढ्यात दुरुस्त झालेली जीप येऊन थांबली. राईजेली उतरली, मागोमाग वासिती, आणि मग नेतानी.

"सार्जंट, आज नको," आपेनिसा म्हणाला. "आम्ही निघतोय."

"म्हणूनच आज आले, मोमो. फार वेळ घेत नाही. बसा सगळे."

सगळे बसले. तितिलिया खांबाच्या आड होती.

"मी नेतानीला चोर म्हणून नेलं," राईजेली म्हणाली. "का, तर त्याच्या मुळांवर वासितीचा जंतू निघाला. वासिती, सांग यांना."

वासितीनं काचेच्या उथळ ताटल्या चटईवर मांडल्या. "हा जंतू मुळाचं विष उपसून टाकतो, म्हणून मुळात राहू शकतो. पण बाटलीत मी त्याला मळीवर वाढवते. तिथे विष नाही. पाणी शिरतच नसेल तर होडीत उपसणी कोण बाळगेल? जो ती टाकून देतो तो हलका होतो, झपाट्यानं वाढतो. काही पिढ्यांनी बाटलीत उपसणी नसलेल्यांचीच गर्दी होते. झाडाला घातले की त्यातले बहुतेक मरतात. शंभरात एखाद्याकडे उपसणी उरलेली असते, तो तगतो, आणि मुळात पुढे त्याचाच वंश वाढतो."

"म्हणजे मुळात वर्षानुवर्षं राहिलेल्या प्रत्येकाकडे उपसणी असणार," राईजेली म्हणाली, "आणि बाटलीतल्या बहुतेकांकडे नसणार. बरोबर?"

"बरोबर. म्हणून दोन प्रकारच्या ताटल्या केल्या. एकीत नुसतं गोड. दुसरीत गोडात यांगोनाचा रस. नेई तितिलियाच्या खड्ड्यांतली टोकं घेतली, तर जंतू दोन्हीकडे उगवले. नेतानीच्या मुळांवरचे गोडात भसाभस उगवले. रसात जवळजवळ सगळे मेले. आणि होते ते नुसते वर. सालीखाली एकही नाही."

"सालीखाली का नाही?"

"कारण ते त्या मुळात कधी राहिलेच नव्हते. कापलेल्या मुळावर कुणीतरी बाटली ओतली. ते तिथे बी होऊन झोपून राहिले."

सभाघरात कुजबुज उठली. नेतानीनं डोळे मिटून घेतले.

"ओतली ती मळीसकट," राईजेली म्हणाली. "म्हणून मुंग्या आल्या. आता बाटल्या दोनच. मोसे, तुझी?"

"पट्टीसुद्धा निघालेली नाही. तुम्हीच पाहिलीत."

"पाहिली. काळीभोर होती. एकाच दिवशी, एकाच भांड्यातून भरलेली दुसरी बाटली मात्र दुधाच्या चहासारखी फिकट होती. काढलेलं पाण्यानं भरून ठेवलं की असं होतं. ती बाटली तुमच्या फ्रिजमध्ये आहे, मोमो."

आपेनिसाचा आवाज तसाच शांत होता. "माझ्या घरात गाव येतं-जातं. फ्रिजला कुलूप नाही."

"खरंय. म्हणून मी तेवढ्यावर थांबले नाही. मी आले त्या दिवशी तुम्ही मला हिरवी यांगोना पाजलीत. मुळं कुठली होती?"

"सांगितलं होतं. सावूसावूची."

"कशी आली?"

"बोटीनं. गेल्या…" तो थांबला.

"बोट आठवडाभर बंद होती. माझ्या जीपचा भाग तिच्यातच अडकला होता, म्हणून मला पक्कं ठाऊक. तांडेलालाही विचारलं. वाइदामूसाठी त्यानं मुळं आणलीच नाहीत, ना आधी ना नंतर." राईजेलीनं शेवटच्या दोन ताटल्या पुढे सरकवल्या. "तुमच्या लिंबाखालचा हा चोथा. यात वासितीचा जंतू निघाला. गोडात उगवला, आणि रसातही उगवला. हा बाटलीतला नव्हे, हा वर्षानुवर्षं मुळात राहिलेला. या बेटावर तसला फक्त तितिलियाच्या झाडांत होता. त्या दिवशी मी प्याले ती तिची यांगोना. आणि पोराला चोर ठरवायला हे गाव या चटईवर बसलं तेव्हा तुम्ही सगळे जी प्यालात, तीही तिचीच."

एका म्हाताऱ्यानं हातातली करवंटी हळूच खाली ठेवली.

"मोमो, या मोळ्यांची साल खरवडून तपासू का? तुमच्या मानाची वस्तू आहे, म्हणून हात लावला नाही अजून."

आपेनिसानं मोळ्यांकडे पाहिलं. ताठ पाठ पहिल्यांदाच वाकली.

"नको," तो म्हणाला. "तिचीच आहेत."

"खोडं छाटून सावलीत ठेवलीत."

"वाया कशी जाऊ द्यायची? ती झाडं आहेत." त्यानं कमरेची चटई सोडली. "माझ्या बापानं, आज्यानं या गावाची मुळं सरदारापुढे ठेवली. मी रिकाम्या हातानं जाणार होतो. आधी वाटलं, चोर सापडणार नाही, गाव विसरेल. सकाळी या पोराच्या पडवीत मुळं दिसली, आणि… बाटलीची आठवण झाली."

"त्याला तुरुंगात धाडलं असतंत?"

"तो काय, आज ना उद्या सूव्याला परत जाणाराच होता."

"मागितली का नाहीत?" राईजेलीनं विचारलं. "आपल्यात मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत."

"धाकट्या भावाच्या बायकोकडे? ज्या जंतूंना मी भर सभेत हसलो, त्यांनीच राखलेली मुळं तिच्या दारात जाऊन मागू?"

खांबाआडून तितिलिया बोलली. तिचा आवाज कोरडा होता.

"मागितली असती ना भाऊजी, तर मी स्वतः खणून दिली असती. तुम्हाला कुदळसुद्धा उचलू दिली नसती."

आपेनिसानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दुपारी त्याच्या भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी तितिलियापुढे तांबुआ ठेवला, देवमाशाचा पिवळा पडलेला दात. अपराधाची क्षमा मागायची ती त्यानंच. तिनं तो हातात घेतला, म्हणजे क्षमा दिली. राईजेलीनं तरी आपेनिसाला जीपमध्ये बसवलं. "तांबुआ तिच्यासाठी," ती म्हणाली. "कायदा माझ्याकडे आहे." वीका इन्सुलिनचा डबा छातीशी धरून जीपपर्यंत आली. राईजेलीला तिच्याकडे बघवेना.

मोळ्यांचं काय करायचं, कुणाला कळेना.

"घेऊन जा," तितिलिया म्हणाली. "चोरलेली होती. आता मी देतेय."

गाव मोळ्या घेऊन सोहळ्याला गेलं, वाइदामूच्या एका बाईच्या नावानं.

घरी नेतानी पडवीच्या पायरीवर उभा राहून पिशवी भरत होता. तितिलिया आली ती त्याच्या पायरीखालच्या पायरीवर बसली, खालच्या मानेनं, आणि दुपारी मिळालेला तोच दात तिनं दोन्ही हातांवर धरून वर केला.

"नेई, उठ," तो घाबरून म्हणाला. "मोठ्यांनी असं बसायचं नसतं."

"मी नाव घेतलं नाही, हे मी स्वतःला सांगत राहिले. मनात घेतलं होतं. पहिल्याच सकाळी." तिनं दात आणखी वर धरला. "तू हाक मारलीस आणि मी दार लावलं."

नेतानीनं पिशवी बाजूला ठेवली. मग खाली बसला, तिच्या हातांतून दात घेतला आणि रीतीप्रमाणे पोकळ तळव्यांनी टाळ्या दिल्या. शेवटची टाळी नीट वाजली नाही.

"घेतला, नेई. पण या गावातून मान वर करून चालणं मला जमेल असं वाटत नाही."

"मी येते बरोबर."

रविवारी घंटा झाली तेव्हा ती दोघं घराबाहेर पडली. प्रार्थनाघर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. एरवी मागच्या वाटेनं जाणारी तितिलिया त्या दिवशी मधल्या वाटेनं, सगळ्या दारांसमोरून निघाली, भाच्याच्या खांद्याला खांदा लावून. नेतानी समोर बघत चालत होता. पहिल्या घराच्या दारात तीन माणसं उभी होती. ती दोघं जवळ आली तशी ती माणसं, थोरामोठ्यांपुढे बसतात तशी, एकेक करून खाली बसली. मग पुढच्या दारातली बसली. मग त्याच्या पुढच्या.